'काहीच खात नाही हो!' : एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या जेवणाचं नेमकं गणित काय?

रात्रीचे साडेआठ. ताटलीत मऊ वरणभात, वर तुपाची धार. भाचा खुर्चीवर उलटा बसलाय. ताई घास घेऊन त्याच्या मागे, तिच्या मागे ताईच्या सासूबाई, आणि सोफ्यावरून जिजूंची सूचना, "अगं, मोबाइल लावून दे ना त्याला, खाईल." मोबाइल लागतो. कार्टून सुरू होतं. तोंड आपोआप उघडतं, घास आत जातो. पंचवीस मिनिटांत ताटली रिकामी. सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान. पोराला मात्र आपण भात खाल्ला की पोळी, हे सांगता येणार नाही.

मी मावशी आहे, आई नाही. त्यामुळे हे सगळं लांबून बघायची चैन मला परवडते. पण दीड-दोन वर्षांचं मूल असलेल्या बहुतेक घरांमध्ये संध्याकाळ झाली की हाच प्रयोग लागतो. बालरोगतज्ज्ञांकडे या वयाच्या मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांची नेहमीची तक्रारही हीच असते, "डॉक्टर, हा काहीच खात नाही."

तो खरंच काही खात नाही का? खात नसेल तर का? आणि काळजी नेमकी कधी करायची? जरा सविस्तर बघूया.

पहिला वाढदिवस होतो आणि भूक कमी होते

आधी वजनाचे आकडे बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार मुलीचं जन्माच्या वेळचं मध्यम वजन ३.२ किलो, एक वर्षाची होते तेव्हा ८.९ किलो, दोन वर्षांची ११.५ किलो आणि तीन वर्षांची १३.९ किलो. मुलांचे आकडे थोडे जास्त असतात, पण चित्र तेच.

आता वजाबाकी करा. पहिल्या वर्षात वाढ पावणेसहा किलोच्या आसपास. दुसऱ्या वर्षात फक्त अडीच किलो. तिसऱ्या वर्षात त्याहून किंचित कमी. म्हणजे पहिल्या वर्षी जी गाडी सुसाट सुटलेली असते, ती वाढदिवसाच्या केकनंतर एकदम दुसऱ्या गिअरमध्ये येते. वाढ मंदावली की शरीर तेवढं अन्न मागत नाही. त्यामुळे दहा महिन्यांचं असताना वाटीभर खिमट चाटूनपुसून खाणारं बाळ चौदाव्या महिन्यात चार घासांनंतर मान फिरवायला लागतं. आपल्याला वाटतं काहीतरी बिघडलं. प्रत्यक्षात मूल आपल्या वेळापत्रकाप्रमाणेच चाललेलं असतं.

याच वयात मूल चालायला लागतं, बोलायला लागतं आणि 'नाही' हा शब्द त्याला सापडतो. कपडे घालायचे का? नाही. आंघोळ? नाही. जेवायचं? नाहीच. ताटावर बसणं ही त्याच्यासाठी दिवसातली सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट असते, कारण पलीकडे कपाटाचे ड्रॉवर उघडायचे राहिलेले असतात.

शिवाय साधारण दीड-दोन वर्षांनंतर नव्या पदार्थाचा संशय येण्याचा टप्पा सुरू होतो. कालपर्यंत आवडीने खाल्लेली दुधी भोपळ्याची भाजी आज हिरवी दिसली म्हणून नको. वरणात कोथिंबिरीचं एक पान दिसलं तरी वाटी परत. संशोधक यामागे एक कारण सांगतात : आत्ताच स्वतःच्या पायांनी फिरू लागलेल्या माणसाच्या पिलाने दिसेल ते तोंडात घालू नये, म्हणून निसर्गाने ठेवलेली ही सावधगिरी असावी. आपल्या स्वयंपाकघरात तिचा फटका दोडक्याला बसतो, एवढंच.

मग मूल उपाशी राहत नाही का?

आजीचा खरा प्रश्न हा असतो. त्याचं बऱ्यापैकी उत्तर १९९१ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासातून मिळतं. लीअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते पाच वर्षांच्या १५ मुलांनी दिवसभरात काय काय खाल्लं ते मोजलं, तेही अनेक दिवस. एकेका जेवणाचे आकडे बघितले तर ते भलतेच वरखाली होत होते, सरासरी ३३ टक्क्यांहून जास्त फरक. म्हणजे सकाळी दणकून, दुपारी दोन घास, रात्री पुन्हा बरं. पण चोवीस तासांची बेरीज केली तर फरक फक्त १० टक्क्यांच्या आसपास. एका जेवणात कमी पडलेलं मुलं पुढच्या जेवणात भरून काढत होती. कुणी मागे न लागता.

म्हणून 'आज दुपारी काही खाल्लं नाही' या वाक्याला फारसा अर्थ नाही. तीन-चार दिवसांत मिळून काय गेलं, हे बघायला हवं.

त्याच्याही आधीचा एक प्रयोग फार गाजलेला आहे. क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९२६ पासून काही वर्षं नुकत्याच अंगावरून सुटलेल्या १५ बाळांपुढे वेगवेगळे पदार्थ ठेवले आणि त्यांना हवं ते, हवं तेवढं खाऊ दिलं. यादीत एकूण ३४ पदार्थ होते. एखादं मूल काही दिवस अंड्यांवरच ताव मारायचं, दुसरं फळांवर. पण एकूणात सगळी मुलं व्यवस्थित वाढली. समाजमाध्यमांवर हा प्रयोग 'मुलांना जे हवं ते खाऊ द्या, शरीराला सगळं कळतं' असा फिरवला जातो. त्यात अर्धीच गोष्ट असते. त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, बिस्किटं नव्हती, वेफर्स नव्हते. दूध, मांस, अंडी, धान्यं, भाज्या, फळं असं साधंच अन्न होतं. खरी मेख त्या यादीतच आहे, हे डेव्हिस यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

आपल्याकडे मूल नेमकं काय करतं? दुपारी भात नाकारतं. घरातल्या कुणाला तरी राहवत नाही, चार वाजता बिस्किटाचा पुडा उघडला जातो. पाचला दूध. साडेसहाला आजोबांसोबत खारी. साडेआठला जेवायला बसवलं की ते 'काहीच खात नाही'. त्याचं पोट भरलेलं असतं हो!

दुधाचा हिशेब कुणी करत नाही

या सगळ्यात एका गोष्टीकडे घरोघरी दुर्लक्ष होतं, ती म्हणजे दूध. 'जेवला नाही तर नाही, निदान दूध तरी पिऊ दे' हे वाक्य ऐकलं नाही असं मराठी घर शोधून सापडायचं नाही.

एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १००० कॅलरींच्या आसपास ऊर्जा लागते. म्हशीच्या एक लिटर दुधात तेवढ्या कॅलरी सहज असतात. म्हणजे सकाळी बाटली, दुपारी झोपताना बाटली, संध्याकाळी, रात्री आणि मध्यरात्री उठल्यावर एक अशा पाच बाटल्या झाल्या, की त्या मुलाचं दिवसभराचं 'जेवण' संपलेलं असतं. मग वरणभाताला जागा कुठून उरणार?

बरं, नुसतं पोट भरण्यापुरतंच असतं तर ठीक होतं. पण दुधात लोह जवळपास नसतंच. शिवाय त्यातलं कॅल्शिअम बाकीच्या अन्नातलं लोह शोषलं जाण्याच्या आड येतं. त्यामुळे दिसायला गुटगुटीत, गोरंगोमटं वाटणारं मूल प्रत्यक्षात रक्त कमी असल्यामुळे पांढुरकं पडलेलं असू शकतं. लोह कमी पडलं की भूक आणखी मंदावते. भूक नाही म्हणून आणखी दूध. हे चक्र आईला बाहेरून दिसत नाही, कारण तिच्या नजरेत मूल 'दूध तरी पितंय'.

याचं गांभीर्य किती आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी देशात ६७.१ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात ६८.९ टक्के. दर तीन मुलांमागे दोन! यात गरीब घरं आहेत तशी फ्लॅटमधली घरंही आहेत. सगळा दोष दुधाचा नाही. आहारात लोहच कमी असणं, आईलाच रक्तक्षय असणं, जंत, अशी बरीच कारणं आहेत. पण दुधाचं प्रमाण आटोक्यात आणणं हे घरच्या घरी, आजपासून करता येण्यासारखं काम आहे. वर्षानंतर दिवसाला साधारण अर्धा लिटरपर्यंत दूध पुरे, असं डॉक्टर सांगतात. तेही शक्यतो कपातून, जेवणानंतर किंवा दोन जेवणांच्या मध्ये. दात आलेल्या मुलाने रात्रभर बाटली तोंडात ठेवली तर पुढचे दात किडतात, तो भाग वेगळाच.

आणि चहा! आजोबांच्या बशीतला चहा, चहात बुडवलेली पोळी, हा अनेक घरांत लाडाचा भाग असतो. चहातले घटक लोह शोषू देत नाहीत. या वयात चहा नकोच, दोन घोटही.

लोहासाठी काय द्यायचं? मसूर, हरभरा, मटकी, बाजरीची मऊ भाकरी वरणात कुस्करून, मेथी-चवळीसारख्या पालेभाज्या आणि खाणाऱ्यांच्या घरी खिमा, कलेजी, अंड्याचा बलक. नाचणी चांगलीच, पण तिची खरी श्रीमंती कॅल्शिअमची आहे. फक्त नाचणीचं सत्त्व देऊन रक्त वाढेल अशी आशा ठेवू नका. डाळी-भाज्यांमधलं लोह शरीरात नीट शिरायला क जीवनसत्त्व लागतं. आपल्याकडे वरणभातावर लिंबू पिळायची पद्धत आहे ना, ती या बाबतीत अगदी नेमकी आहे.

सरकारी योजनेत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोह-फॉलिक ॲसिडचं सिरप देण्याची तरतूद आहे. आशाताई किंवा अंगणवाडीतून ते मिळतं. वर्षातून दोनदा जंतनाशक गोळीही मिळते, एक ते दोन वर्षांच्या मुलांना अर्धी, पुढे पूर्ण. हे 'गरिबांसाठीचं' समजून सोसायटीतले पालक घेत नाहीत. जंतांना पिनकोड कळत नाही. मात्र लोहाची बाटली मुलाच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. गोड चव म्हणून ती संपवली तर लोहाची विषबाधा होते आणि ती जिवावर बेतू शकते.

मोबाइल लावला की खातो. मग त्यात वाईट काय?

प्रामाणिकपणे सांगायचं तर मोबाइल लावणाऱ्या आईला नावं ठेवणं फार सोपं आहे. नऊ तास नोकरी, दीड तास लोकल, घरी आल्यावर कुकर आणि कुठेतरी मध्ये हे जेवण. त्यात सासूबाई 'रोडावलाय गं पोरगा' म्हणतायत. अशा वेळी पंचवीस मिनिटांत ताटली रिकामी करून देणारं यंत्र कोण नाकारेल?

अडचण अशी की मोबाइलवर खाणारं मूल खरं तर 'खात' नसतं, त्याला भरलं जात असतं. घासाची चव, वास, पोट भरल्याची जाणीव यातलं काही त्याच्यापर्यंत पोचत नाही. 'आता पुरे' हे शरीराकडून येणारं सांगणं ऐकायची सवय याच वयात पक्की होत असते. ती झाली नाही, तर आज कमी खाणारं मूल उद्या गरजेपेक्षा जास्त खाऊ शकतं. दुसरं म्हणजे बोलणं. जेवणाचा वेळ हा या वयात गप्पांचा वेळ असतो. 'हा चिऊचा घास, हा काऊचा घास' हे नुसतं फसवून भरवणं नव्हतं. त्यात चिऊ होती, काऊ होता, आईचा चेहरा होता, मुलाच्या हुंकाराला मिळणारं उत्तर होतं. पडद्यावरचं कार्टून मुलाच्या 'अं?' ला उत्तर देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या मुलांना स्क्रीन नको, दोन ते चार वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही जवळपास तेच आहे. दोन वर्षांच्या आत फक्त नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलची सूट. म्हणजे अमेरिकेतल्या आजीला बघायला हरकत नाही, जेवताना कार्टून नको.

सोडवायचं कसं? एकदम बंद केलं तर दोन-चार दिवस रणकंदन होणार हे गृहीत धरा. मूल त्या दिवसांत कमी खाईल. घरातल्या सगळ्यांनी आधी ठरवून, शक्यतो सुट्टीच्या दिवसांत सुरुवात केलेली बरी. आईने बंद केला आणि बाबांनी हळूच लावून दिला, तर मूल यातून एकच गोष्ट शिकतं : जास्त जोरात रडायचं.

ताट कुणाचं, पोट कुणाचं?

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक बाईंनी १९८० च्या दशकात एक साधी वाटणी मांडली, जी आज जगभरातले बालरोगतज्ज्ञ सांगतात. काय वाढायचं, कधी आणि कुठे बसून खायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं, किंवा खायचं की नाही, हे मुलाने ठरवायचं.

ऐकायला सोपं आहे. करायला महाकठीण. कारण आपल्याकडे भरवणं म्हणजे प्रेम. पण करून बघायचं झालं तर त्याचं घरगुती रूप साधारण असं होतं. दिवसातून तीन जेवणं आणि दोन मधली खाणी, त्यांच्यात अडीच-तीन तासांचं अंतर. मधल्या वेळात फक्त पाणी. जे घरात शिजलंय तेच, तिखट कमी करून, मऊ करून. ताटात एक तरी पदार्थ त्याच्या ओळखीचा. घरातल्या कुणीतरी सोबत बसून स्वतः जेवायचं, कारण दुसरं कुणी खाताना बघून मुलं खातात. पाळणाघरात निमूट जेवणारं मूल घरी येऊन नखरे करतं, त्यामागे तिथल्या मावशींची जादू कमी आणि बाजूला बसून खाणारी चार पोरं जास्त असतात. वीस-तीस मिनिटं झाली की ताट उचलायचं. ओरडायचं नाही, बिचारं म्हणायचं नाही आणि अर्ध्या तासाने बिस्किटही द्यायचं नाही. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड, कारण तो घरातल्या प्रत्येकाला पाळावा लागतो, संध्याकाळी डोकावणाऱ्या शेजारच्या काकूंनासुद्धा.

वाढायचं किती? एक ढोबळ नियम उपयोगी पडतो : प्रत्येक पदार्थ वयाच्या प्रत्येक वर्षाला एक मोठा चमचा. म्हणजे दोन वर्षांच्या मुलीला दोन चमचे भात, दोन चमचे वरण, दोन चमचे भाजी. बास. हवं तर ती मागेल. आपण वाढतो मोठ्यांच्या निम्मं आणि ती त्यातलं निम्मं टाकते, मग आपण म्हणतो 'अर्धं टाकलं'.

नवी भाजी एकदा नाकारली म्हणून 'त्याला आवडत नाही' असं जाहीर करू नका. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा ती ताटात दिसावी लागते, तेव्हा कुठे मूल तिला आपलं मानतं. दर वेळी एकच फोड. खाल्ली तर खाल्ली. 'भाजी संपव, मग चॉकलेट' हा सौदा मात्र टाळा. त्यातून मुलाला एवढंच कळतं की भाजी ही शिक्षा आहे आणि चॉकलेट बक्षीस.

हाताने खाऊ द्या. भात केसात जाईल, भिंतीला लागेल. खाली जुनी चादर अंथरा.

आजी चुकते का?

नाही, असं सरळ म्हणता येणार नाही. १९७१ मध्ये देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात १६ वर. आपल्या आजीने ज्या काळात मुलं वाढवली, त्या काळात अंगावर चार मुठी मांस असणं म्हणजे पुढच्या गोवर-जुलाबाच्या आजारातून वाचण्याची शक्यता होती. 'गुटगुटीत' हा शब्द कौतुकाचा झाला तो उगाच नाही. तिच्या डोळ्यांना आजही बारीक मूल दिसलं की भीती वाटते, आणि त्या भीतीमागे तिने ऐकलेल्या, कधी स्वतः सोसलेल्या गोष्टी असतात. दृष्ट काढली, मीठमोहरी टाकली, तर त्याने मुलाचं काही बिघडत नाही. झोपलेल्या किंवा रडणाऱ्या मुलाच्या तोंडात घास कोंबला, नाक दाबून दूध पाजलं, तर मात्र बिघडतं. अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं.

यावरून बोरन्हाण आठवलं. संक्रांतीला काळं झबलं, हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा, शेंगा, गोळ्या ओतायच्या. गोड सोहळा आहे, फोटोही छान येतात. पण शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, बोराच्या बिया, लिमलेटच्या गोळ्या या चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकणाऱ्या ठळक वस्तू आहेत. या वयात पुढचे दात चावा घेऊ शकतात, पण बारीक दळणाऱ्या दाढा पुरत्या आलेल्या नसतात. तेव्हा चुरमुरे आणि फुलं ओता, बाकीचं मोठ्या मुलांना वाटा. दाण्याचं कूट किंवा लाडू चालेल, अख्खा दाणा नको. द्राक्षं उभी चिरून द्या.

अडकलंच तर? मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला, श्वास घेता येत नसेल तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच ठोसे द्या. वर्षावरच्या मुलात तेवढ्याने निघालं नाही तर मागून धरून बेंबीच्या वर पोट आत आणि वर असं पाच वेळा झटक्याने दाबा, आणि आलटून पालटून हे सुरू ठेवा. दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. दिसत नसलेली वस्तू बोट घालून शोधू नका, ती आणखी आत जाते. आणि एक फसवी परिस्थिती असते : दाणा खाताना ठसका लागला, मग मूल शांत झालं, पण नंतर दिवसेंदिवस खोकला किंवा छातीत शिट्टीसारखा आवाज. दाणा फुप्फुसाच्या नळीत बसलेला असू शकतो. डॉक्टरांना तो ठसका आवर्जून सांगा.

पण सगळ्यांचाच प्रश्न नखऱ्यांचा नसतो

इथपर्यंतचं सगळं ज्या घरात अन्न आहे आणि मूल नको म्हणतंय, त्या घराबद्दल होतं. महाराष्ट्रात दुसरंही चित्र आहे. त्याच पाचव्या सर्वेक्षणात राज्यातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने हडकुळी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली. मेळघाट, नंदुरबार ही नावं आपल्याला बातम्यांतून माहीत असतात. तिथल्या आईला 'वाढ मंदावली की भूक कमी होते' हे सांगणं क्रूरपणाचं ठरेल. तिच्या मुलापर्यंत पुरेसं आणि वेगवेगळं अन्नच पोचत नाही.

दोन्हीकडे एकच साधन उपयोगी पडतं : वजनकाटा आणि आलेख. माता व बाल संरक्षण कार्डात तो आलेख छापलेला असतो. त्यावर दर महिन्याला नाही तरी दोन-तीन महिन्यांनी एक ठिपका पडायला हवा. ठिपके आपल्या रेषेला धरून वर सरकत असतील, मूल खेळतंय, झोपतंय, नवे शब्द बोलतंय, तर ताटात किती उरलं याने फरक पडत नाही. काही मुलं मुळातच खालच्या रेषेवरून चालतात, कारण आईबाबाही तसेच असतात. 'हे परदेशी मुलांचे तक्ते आहेत' असं काही जण म्हणतात. २००६ चे हे तक्ते बनवताना सहा देशांतली मुलं मोजली होती आणि त्यात दिल्लीची मुलंही होती.

अंगणवाडीत वजन फुकट होतं. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथेच गरम जेवण. दंडाचा घेर मोजायची पट्टीही असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण. त्या मुलाला ग्राम बाल विकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावं लागतं, घरचे उपाय करत बसायचं नाही.

डॉक्टरांना कधी दाखवायचं?

दोन-तीन महिने वजन जागच्या जागी असेल किंवा आलेखाची रेषा खाली वळली असेल. तळहात, ओठ, पापणीची आतली बाजू फिकट दिसत असेल. मूल माती, खडू, भिंतीचा चुना खात असेल. आपण याला खोडी समजतो, पण ते लोह कमी असल्याचं लक्षण असतं. खाताना दर वेळी ठसका, गिळताना त्रास, वारंवार उलट्या, लांबलेले जुलाब. फक्त पातळच चालतं, दाताखाली काही आलं की ओकारी, हे दीड वर्षानंतरही सुरू असेल. अगदी मोजकेच तीन-चार पदार्थ खातं आणि त्यासोबत नावाने हाक मारली तर बघत नाही, बोट दाखवत नाही, बोलणं मागे आहे, असं असेल तर तो विषय जेवणापुरता नसू शकतो. विकासाची तपासणी करून घ्या.

बद्धकोष्ठता तर नक्की विचारा. शी करताना कुंथतंय, दोन-तीन दिवसांनी खडा होतोय, अशा मुलाला भूक लागतच नाही. यामागेही बऱ्याचदा दुधाच्या बाटल्याच निघतात. ताप-सर्दीनंतर आठ-पंधरा दिवस भूक मंद असते, ती आपोआप परत येते.

मेडिकलमधून 'भूक वाढवायचं सिरप' स्वतःहून आणू नका. त्यातल्या काहींमध्ये सायप्रोहेप्टाडीन हे मुळात ॲलर्जीचं औषध असतं. भूक वाढणं हा त्याचा एक परिणाम आणि गुंगी येणं हा दुसरा. औषध थांबलं की भूक पूर्वपदावर येते. प्रथिनांच्या महागड्या पावडरींमध्येही बऱ्याचदा साखर भरपूर असते. डब्यावरची जाहिरात सोडून मागची बारीक अक्षरं वाचा.

जाताना वजनाचं कार्ड आणि मागच्या तीन दिवसांची यादी सोबत न्या. मुलाने तोंडात घातलेलं सगळं लिहायचं : बिस्किटं, खारी, शेजारून मिळालेलं चॉकलेट, रात्री दोनची बाटली. ताईने मागच्या महिन्यात अशी यादी केली. भाच्याच्या नावावर तीन दिवसांत १४ बाटल्या दूध आणि २२ बिस्किटं निघाली. त्यातली नऊ आजोबांच्या खात्यावर होती.